एकटीच खाली उतरलेली स्की

फ्रोनीचा, म्हणजे आमच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तळघरात सफरचंदं निवडत होतो.

"बाबा, शनिवारी हेनिंगचे आईबाबा येतायत. सकाळी सगळे मिळून स्कीइंग करू, मग बाहेर कुठेतरी छान जेवू. तू काही काळजी करू नकोस."

'काळजी करू नकोस' हे वाक्य आमच्या घरात फक्त काळजीची वेळ आली की उच्चारलं जातं.

"स्कीइंग कोण करणार?" मी विचारलं.

"सगळे. मी त्यांना सांगितलंय, आमचा बाबा डोळे मिटूनसुद्धा उतार उतरतो."

"असं का सांगितलंस?"

"अरे, हेनिंगच्या बाबांनी विचारलं, तुझ्या वडिलांना स्कीइंग येतं का म्हणून! फोरार्लबेर्गच्या डोंगरातल्या माणसाबद्दल असा प्रश्न कुणी विचारतं? मला रागच आला."

राग तिला आला, पण उतरायचं मला होतं.

मी टानबाखचा. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथल्याच भूमापन कचेरीत. आमच्या गावाचा मोठा उतार चर्चच्या मागे, दफनभूमीच्या भिंतीशी येऊन संपतो, त्यामुळे लहानपणी आम्ही चालण्याआधी घसरायला शिकलो हे खरं आहे. पण पुढे नोकरी लागली, खुर्ची मिळाली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. गेली वीसेक वर्षं बर्फ पडला की मी फावडं हातात घेतो, स्की नाही. माझी बायको रोसविटा मात्र दर गुरुवारी बायकांच्या गटाबरोबर वर जाते आणि गालांवर लाली घेऊन परत येते. तिला माझी परिस्थिती पूर्ण ठाऊक होती. तरी ती म्हणाली, "शनिवारी तुला उतरावं लागेल, गेबहार्ड. फ्रोनी-हेनिंगचं लग्न कुठे होणार हे अजून ठरलेलं नाहीये."

खरी मेख तिथे होती. रोसविटाला लग्न आमच्या चर्चमध्ये हवं होतं. विहीणबाईंना ते त्यांच्या उत्तर समुद्राकाठी हवं होतं. मुलं शहाणी; "तुम्ही चौघं ठरवा" म्हणून मोकळी झाली होती. म्हणजे शनिवारी व्याह्यांना डोंगर असा दाखवायचा होता की समुद्राचं नाव त्यांनी काढता कामा नये.

तळघरातून स्की काढल्या. त्या बाहेर येताच शेजारचे ओसवाल्ड चोफेनही बाहेर आले. ते कस्टममधून निवृत्त झालेले आहेत. कुठलीही वस्तू ते अजून अशी न्याहाळतात की ती आपण कुठून तरी पळवून आणली आहे असं आपल्यालाच वाटायला लागतं.

"या स्की तुमच्याच?"

"माझ्याच."

"हं." त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "मेण लावावं लागेल. बूट?"

मी बूट दाखवले. पिवळे, जाड प्लॅस्टिकचे, एकेकाळी गावात उठून दिसणारे. मी म्हटलं, "बूट भाड्यानं घ्यावेत म्हणतोय."

चोफेन एक पाऊल मागे सरकले. "टानबाखचा फेस्लर भाड्याचे बूट घालणार? त्या दुकानात पर्यटकांच्या रांगेत उभा राहणार? उद्या तुम्ही श्वासही भाड्यानं घ्याल! अहो, हे प्लॅस्टिक आहे. प्लॅस्टिकला काय होतंय?"

एखाद्या माणसानं आपल्या स्वाभिमानाची आपल्यापेक्षा जास्त काळजी घेतली की त्याचं ऐकावंच लागतं. मी बूट पुसून ठेवले.

मेण लावायला इस्त्री लागते. चोफेन म्हणाले, घरातली चालते. घरातली चालली. स्कीचा तळ आरशासारखा झाला. दुसऱ्या दिवशी रोसविटानं त्याच इस्त्रीनं आपला पांढरा रेशमी ब्लाउज इस्त्री केला आणि तोही तसाच झाला. त्याबद्दल जे बोलणं झालं ते इथे देत नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्राउ मारोल यांनी ते ऐकलं असावं, कारण त्या लगेच मार्मोट या डोंगरातल्या जाड्या खारीच्या चरबीची डबी घेऊन खाली आल्या.

"गुडघ्यांना चोळा. माझे यजमान आयुष्यभर चोळत होते."

"त्यांचे गुडघे चांगले होते?"

"नाही हो. पण वास घेऊन लोक लांब राहायचे, धक्का कुणी द्यायचं नाही."

शनिवारी सकाळी व्याही आले. डेटलेफ कार्स्टेन्सन म्हणजे उंच, सडपातळ, समुद्राचे बांध सांभाळणारा इंजिनियर. तो इतकं कमी बोलतो की त्यानं "हो" म्हटलं तरी आपण पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. वीबके विहीणबाई शाळामास्तरीण होत्या आणि दोघांच्या वाटणीचं बोलत होत्या. "किती उंच हो तुमच्याकडे सगळं! आणि हा वास कसला?"

"डोंगराचा," रोसविटा म्हणाली.

पहिला अडथळा तिकीटघरात आला. आम्हा गावकऱ्यांना सवलतीचा पास मिळतो. खिडकीत हेर्लिंडे बसली होती. ती आणि मी पहिलीपासून एका बाकावर होतो.

"एक गावकरी पास," मी म्हटलं.

"रहिवासाचा पुरावा?"

"हेर्लिंडे, मी गेबहार्ड."

"ते दिसतंय. पुरावा?"

"तुझ्या लग्नात मी ॲकॉर्डियन वाजवला."

"तो पुरावा चालत नाही. आणि वाजवलासही वाईट."

मागे रांग वाढत चालली. व्याही शांतपणे ऐकत होते. आपण ज्या गावचे म्हणून मिरवतो त्याच गावात आपण राहतो हे परक्या माणसासमोर सिद्ध करता न येणं, यासारखी पंचाईत नाही. शेवटी मी पर्यटकांचा पास घेतला. हेर्लिंडेनं तो देताना नियमाप्रमाणे म्हटलं, "टानबाखमध्ये आपलं स्वागत आहे."

वर पोचलो. ऊन लख्ख होतं, खाली चर्चचा मनोरा, घरांची छपरं, सगळं चित्रासारखं मांडलेलं. विहीणबाई गप्प झाल्या. रोसविटानं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. समुद्र मागे पडत होता.

मग व्याही उतरायला लागले. ही सपाट मुलखातली माणसं दर हिवाळ्यात नॉर्वेला जातात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! डेटलेफ पाण्यावरून बदक जावं तसा गेला. वीबके त्याच्या मागून, बोलत बोलत गेल्या. मुलं गेली. रोसविटा गेली. सगळे खालच्या वळणावर थांबले आणि वर, माझ्याकडे, बघू लागले.

मी निघालो. आणि काय सांगू, पायांना आठवत होतं! एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, वारा कानांत शिरला. मी पुन्हा सतरा वर्षांचा झालो. माझा जुना गुलाबी-हिरवा सूट उन्हात झळकत होता. सगळ्यांच्या पुढ्यात येऊन मी असा झोकात थांबलो की बर्फाचा फवारा व्याह्यांच्या गुडघ्यांपर्यंत उडाला.

"वा!" डेटलेफ म्हणाला. दिवसातला हा त्याचा सर्वांत लांब अभिप्राय होता.

"काही नाही, सवय," मी म्हटलं आणि डावा पाय सहज आपटला.

अंड्याचं कवच फुटावं तसा आवाज झाला. माझा डावा बूट फुटला. चिरला नाही, उसवला नाही, फुटला. त्याचे पिवळे तुकडे बर्फावर पसरले आणि मध्ये माझा पाय लोकरी मोज्यात उभा राहिला. बुटाचा तळवा तेवढा स्कीला पक्का अडकून राहिला होता. बूट निघाला की स्की थांबवणारे दोन आकडे खाली येतात, पण स्कीच्या मते बूट निघालाच नव्हता. ती क्षणभर विचारात पडल्यासारखी हलली आणि चालू लागली.

"बाबा, धर!" फ्रोनी ओरडली.

काय धरणार? चोफेननी सांगितलेलं मेण त्या क्षणी पूर्ण कामाला आलं. स्की सरळ रेषेत, कुणालाही न धडकता, माझ्यापेक्षा कितीतरी डौलात खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"सुंदर उतरली," डेटलेफ म्हणाला.

बाकीचे स्कीवरून खाली गेले. मला एका पायानं कसंबसं वर तारेवरच्या खुर्चीच्या पाळण्याकडे नेण्यात आलं आणि डेटलेफ माझ्याबरोबर राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाळण्यावरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खाली जाणारा प्रवासी हा पादचारी समजला जातो," तो म्हणाला. "पादचाऱ्याच्या दोन्ही पायांत पादत्राणं हवीत."

"अरे, एक फुटलं म्हणून तर खाली चाललोय!"

"नियम मी केला नाही."

डेटलेफनं डोक्यावरची टोपी काढली. निळी-पांढरी, वर गोंडा असलेली, वीबकेबाईंनी विणलेली. खाली वाकून त्यानं ती माझ्या पायात चढवली आणि त्या माणसाला विचारलं, "हे पादत्राण आहे का?"

माणसानं बराच वेळ विचार केला. "कुठल्या प्रकारचं हवं ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

पाळण्यातून वर जाताना समोर डोंगर दिसतो. खाली जाताना समोर, शेजारच्या ओळीतून वर येणारं अख्खं गाव दिसतं. हे मला त्या दिवशी कळलं. आधी बेकरीवाला आला, मग दंतवैद्य, मग गावातल्या बँडची मंडळी. "फेस्लर, उलटा चाललास!" प्रत्येकानं हाच विनोद केला, आणि प्रत्येकाला तो आपल्याला पहिल्यांदा सुचला असं वाटत होतं. त्यानंतर आमचे साहेब आले. त्यांनी माझ्या पायातला गोंडा पाहिला आणि "सोमवारी बोलू" एवढंच म्हणून ते वर निघून गेले.

आमच्याकडे एक रीत आहे. डोंगरात ठरावीक उंचीच्या वर गेलं की ओळख असो-नसो, सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. खाली आलं की पुन्हा 'तुम्ही'. डेटलेफला ती कुणीतरी सांगितली असावी, कारण अर्ध्या वाटेवर तो अचानक म्हणाला, "ती उंची कुठे संपते?"

"त्या पुढच्या खांबाशी."

तो खांबाकडे बघत राहिला. खांब जवळ येत होता.

"गेबहार्ड," तो घाईनं म्हणाला, "तुला हे सगळं आवडत नाही ना?"

"नाही रे. वीस वर्षांत आज पहिल्यांदा. मुलीनं सांगून ठेवलं होतं."

"मलाही आवडत नाही. थंडी वाजते. वीबकेला आवडतं, म्हणून जातो."

खांब मागे गेला.

"आता?" मी विचारलं.

"आता सवय झाली," तो म्हणाला. "तूच बरं वाटतं."

गाडीत ठेवलेले माझे नेहमीचे बूट घालून मी माणसात आलो आणि आम्ही सहाही जण थेट 'काळा बोकड'मध्ये गेलो. ते आमच्या गावातलं सर्वांत जुनं हॉटेल. रोसविटानं फोनवर टेबल राखून ठेवलं होतं: फेस्लर, एक वाजता. दारात एक नवी, बाहेरगावची वेट्रेस उभी होती.

"फेस्लर," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "फेस्लर का? ऐकून फार वाईट वाटलं हो."

बातमी इतक्या लवकर पोचली याचं मला नवल वाटलं नाही. मी अख्ख्या गावासमोरून खाली आलो होतो. "छे, एवढं काही नाही," मी म्हटलं. "जुना झाला होता. आज ना उद्या जाणारच होता."

ती जरा दचकली. "खूप वर्षांचा सहवास असेल ना?"

"खूप. पण शेवटची वीस वर्षं तळघरातच पडून होता."

ती आम्हाला आतल्या मोठ्या दालनात घेऊन गेली आणि जवळजवळ पळतच परत गेली.

दालनात लांबच लांब टेबलं होती आणि त्यांच्याभोवती काळ्या कपड्यांतली माणसं बसली होती. सगळ्यांनी वळून माझ्या गुलाबी-हिरव्या सुटाकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं की हे फेस्लरच आहेत, पण वरचे.

आमच्या खोऱ्यात दगड उचलला तर खाली फेस्लर सापडतो. त्यांतले आम्ही खालच्या वाडीचे, आणि हे वरच्या वाडीचे. आजोबांच्या काळात एका पाण्याच्या हौदावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं नाही. (भूमापन कचेरीतला माणूस म्हणून सांगतो, तो हौद तिसऱ्याच माणसाच्या जमिनीत आहे, पण हे दोन्ही वाड्यांना सांगायची माझी हिंमत नाही.) त्यांच्यातले म्हातारे एमेरिख फेस्लर त्या आठवड्यात गेले, सकाळी त्यांना पुरलं आणि आता त्यांच्या मयताचं जेवण चाललं होतं. एमेरिख आयुष्यभर स्की शिकवत आले होते.

"रोसविटा, मागे फिर," मी पुटपुटलो.

पण विहीणबाई पुढे गेल्या होत्या. सासरची मंडळी आपल्याला भेटायला जमली आहेत अशा समजुतीनं त्यांनी एकेकाशी हात मिळवायला सुरुवात केली होती. "वीबके. मुलाची आई. किती छान हो, सगळे आलात!" लोक उभे राहून हात मिळवत होते. कुणाचा मुलगा, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. एमेरिखनं जवानीत कुठे कुठे शिकवलं होतं याचे हिशेब मात्र काही डोळ्यांत सुरू झालेले मला दिसले.

आणि मग मला कोपऱ्यात दिसली ती. माझी स्की. भिंतीला टेकून उभी, वर काळी फीत बांधलेली, पायाशी मेणबत्ती.

डेटलेफनंही पाहिली. "गेबहार्ड, ती तर..."

मी त्याच्या पायावर पाय दिला.

टेबलाच्या टोकाला एमेरिखची बायको क्रेसेंझ बसली होती. ऐंशीच्या पुढची, काठीसारखी ताठ. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू खालच्या फेस्लरांचा ना? भूमापनवाला?"

"हो. चुकून आत आलो. आम्ही निघतोच. तुमच्या दुःखात..."

"बस. ब्लुडेंझची मंडळी आलीच नाहीत, ताटं वाया जातायत." तिनं काठीनं कोपऱ्याकडे खूण केली. "ती बघितलीस? शवपेटी खाली सोडत होते, तेवढ्यात वरून आली. एकटीच. भिंतीच्या जाळीला येऊन टेकली. पाद्री बोलायचे थांबले. सगळे म्हणाले, एमेरिखनं पाठवली."

खरं सांगावं तर एका विधवेचं समाधान हिरावलं जाणार, न सांगावं तर त्या खोट्या समजुतीवर मी तिच्याकडचं उकडलेलं मांस खाणार.

"फ्राउ फेस्लर," मी म्हटलं, "ती माझी आहे."

कुणाचा तरी चमचा खाली पडला. रोसविटानं डोळे मिटले.

"ठाऊक आहे मला," क्रेसेंझ म्हणाली. "तिच्यात पिवळ्या बुटाचा तळवा अडकलाय. एमेरिखनं जन्मात असले बूट घातले नसते. पण पाद्रीबुवा अर्धा तास बोलत होते, पाय गोठले होते आमचे. तुझ्या स्कीमुळे आटोपलं. बस आता. सूप निवतंय."

आधी एक जण हसला, मग दुसरा, मग ते दालन असं हसलं की वेट्रेस दार उघडून आत डोकावली आणि घाबरून पुन्हा बंद करून गेली. आम्ही बसलो. सूप आलं, मांस आणि किसलेला तिखट मुळा आला, फळांची दारू आली. माझ्या शेजारी बसलेल्या वरच्या फेस्लरनं बाटली पुढे करत विचारलं, "त्या हौदाचं कागदोपत्री काय आहे रे?" मी तोंडात बटाटा भरला.

विहीणबाईंना एव्हाना सगळा उलगडा झाला होता, पण त्या जराही ओशाळल्या नव्हत्या. कॉफीच्या वेळी त्या उभ्या राहिल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे मयताला लोक केक खातात आणि घड्याळ बघत घरी जातात. तुम्ही अनोळखी माणसांना ताटावर बसवलंत. लग्न कुठेही होवो, पण या दालनातल्या प्रत्येकानं लग्नाला यायचं! प्रत्येकानं!"

टाळ्या झाल्या. माझ्या बायकोचे हात टाळ्यांसाठी वर उठले आणि तिथेच थांबले. ती नजरेनं डोकी मोजत होती. आमचं चर्च छोटं आहे आणि आमचं अंगण त्याहून छोटं.

"वीबके," ती गोड आवाजात म्हणाली, "मी काय म्हणते, समुद्राकाठीच करू या. मला आधीपासून तेच वाटत होतं."

"अगं, पण मला आता इथलं इतकं आवडलंय!"

"छे छे. मुलीचं लग्न म्हणजे समुद्रच हवा." ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "एवढ्या लांब कोण येतंय!"

सगळे आले. दोन बस करून आले. वरचे फेस्लर समुद्र बघायला निघाले म्हटल्यावर खालचे फेस्लर मागे कसे राहणार? तेही आले. चोफेनही आले आणि प्रत्येक सीमेवर उतरून तपासणी ढिली झाली आहे का ते पाहून आले. लग्नाच्या दिवशी सकाळी बस थेट किनाऱ्याच्या बांधावर थांबल्या, कारण क्रेसेंझ पुढच्या सीटवर होती आणि तिनं ड्रायव्हरला काठी टोचली होती.

ती बांधावर उभी राहून बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली.

"एमेरिख दर उन्हाळ्यात म्हणायचा, दाखवतो," ती म्हणाली. "दर उन्हाळ्यात गवत कापायचं निघायचं." मग डेटलेफकडे हात पुढे केला. "ए बांधवाल्या, मला पाण्यापर्यंत ने."

डेटलेफनं तिला हाताला धरून नेलं. तिनं वाळूत बसून मोजे काढले, तशी तिच्या सुना बसल्या, मग वरचे फेस्लर, मग खालचे. चर्चची घंटा वाजायला लागली होती. नवरानवरी आणि तिकडचे पाद्री वाळूच्या टेकाडावर उभे राहून वधूपक्ष रांगेनं समुद्रात शिरताना बघत होते. मी एकटा बांधावर, नव्या सुटात, कुणीतरी प्रतिष्ठेनं उभं असायला हवं म्हणून उभा होतो.

"गेबहार्ड!" खालून रोसविटा ओरडली. तिनं रेशमी झगा गुडघ्यांपर्यंत उचलून धरला होता. "तिथे काय पुतळा झालायस? ये की!"

मी विजार दुमडली आणि गेलो. पाणी इतकं थंड होतं की माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारी डेटलेफ क्रेसेंझला धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं.

"आज गरम आहे," तो म्हणाला.